सलवारीचा एक पाय

साठी उलटल्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा सलवार घातली, आणि तीसुद्धा तुर्कस्तानला जायचे म्हणून. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत मी तीस वर्षे शिवणाचे वर्ग चालवले. किती मुलींना सलवार बेतायला शिकवली त्याची गणती नाही. स्वतः मात्र पाचवारी सोडली नाही. पण २०१२ च्या ऑक्टोबरात आम्ही दोघे इस्तंबूलला निघालो तेव्हा सूनबाईने हट्टच धरला. "आई, तिकडे बोटींत चढायचं-उतरायचं, टेकड्या चढायच्या. साडीत पाय अडकून पडलात तर आम्ही काय करायचं?" मग मी माझ्याच हाताने दोन सलवारी शिवल्या, घातल्या आणि आरशापुढे उभी राहिले. आमच्या ह्यांनी वर्तमानपत्रातून डोके वर काढले आणि म्हणाले, "ठीक आहे. सलवारीला जरा तिच्या माहेरी नेऊन आणू!"

माहेर खरे म्हणजे इराणातले. शब्द फारसी, तुर्कांनी त्याचा 'शालवार' केला आणि मराठीत त्याची 'सुरवार' झाली. पेशवाईतली चित्रे पाहा, अंगरख्याखाली ती दिसतेच. पण सलवारीने खरे वैभव भोगले ते उस्मानी तुर्कांच्या राज्यात. तिथे ती रेशमाची झाली, तिच्यावर सोन्याचांदीच्या तारेची फुले उमटली, आणि पुरुष काय, बायका काय, मुले काय, सगळ्यांनी ती घातली. अशी एखादी जुनी रेशमी सलवार डोळ्यांनी पाहायची, जमले तर उलटून तिची शिवण पाहायची, एवढीच माझी या प्रवासातली इच्छा होती. मला ताजमहाल दाखवला तरी मी तिथल्या पडद्यांची शिलाई पाहीन, असे हे म्हणतात. म्हणोत बापडे.

पहिल्या दिवशी टोपकापी राजवाडा. हे सरळ खजिन्याकडे गेले. तिथे पाचू जडवलेला एक प्रसिद्ध खंजीर आहे. दिल्ली लुटून मयूरासन नेणाऱ्या नादिरशहाला नजर करण्यासाठी सुलतानाने तो घडवून घेतला. पण तो पोचण्याआधीच, १७४७ साली, नादिरशहाचा खून झाला आणि खंजीर वाटेतून परत आला. त्याच्यापुढे ही लांबलचक रांग! ती रांग ह्यांच्यावर सोपवून मी सुलतानांच्या कपड्यांच्या दालनात शिरले.

तिथे मात्र माझे पाय खिळले. काय ते कफ्तान! काही बाह्या अशा लांब, की थेट पायघोळापर्यंत लोंबतात. त्यांत हात घालायचा नसतो, त्या नुसत्या शोभेच्या. हात आपला वेगळ्या फटीतून बाहेर काढायचा. ही इतकी जुनी वस्त्रे टिकली कशी, याचे कारण मोठे शिस्तीचे आहे. सुलतान वारला की त्याचे कपडे गाठोड्यात बांधायचे, वर नावाची चिठ्ठी लावायची आणि खजिन्यात ठेवून द्यायचे, अशी तिथली चाल होती. त्या बांधायच्या कापडाला ते 'बोहचा' म्हणतात. ऐकताच मला आपले बोचके आठवले.

दालन दोनदा पालथे घातले तरी मला हवी होती ती वस्तू दिसेना. आमच्याबरोबर दुभाषी म्हणून एक कॉलेजात शिकणारी मुलगी होती. ती मला 'तेय्झे' म्हणे. तेय्झे म्हणजे मावशी, अगदी सख्ख्या अर्थाने आईची बहीण. आत्येला त्यांच्यात वेगळा शब्द आहे. साऱ्या जगाला एका आंटीत कोंबत नाहीत, म्हणून हे लोक मला पहिल्याच दिवशी आवडले होते. तिला मी विचारले, "अगं, हे सगळं सुलतानांचं झालं. त्यांच्या बायका, आया, मुली काय नेसत होत्या?"

ती हसली. "तेय्झे, बायकांचे कपडे असे चिठ्ठी लावून खजिन्यात कोण ठेवणार? ते सांदिकमध्ये गेले."

सांदिक म्हणजे संदूक. नवरीचा 'चेयिझ' ज्या पेटीत भरतात ती. चेयिझ आणि उर्दूतला जहेज हे एकाच अरबी शब्दाचे दोन अवतार. म्हणजे राजाचे कपडे राज्याने सांभाळले, आणि बायकांचे त्यांच्या लेकीसुनांनी, जमले तसे.

दुसऱ्या दिवशी तीच आम्हाला बॉस्फरसच्या काठाकाठाने वर बुयुकदेरेला घेऊन गेली. पाण्याला लागून लाकडी वाडे आहेत, त्यांना तिथे 'याली' म्हणतात. त्यांतल्या एकात सादबेर्क हानिम संग्रहालय आहे. सादबेर्क हानिम म्हणजे उद्योगपती वेहबी कोच यांची पत्नी. बाईंना जुनी वस्त्रे आणि भरतकाम गोळा करण्याची हौस. १९७३ साली त्या वारल्या, आणि १९८० साली घरच्यांनी त्यांच्या संग्रहाचे संग्रहालय केले. तुर्कस्तानातले ते पहिले खाजगी संग्रहालय. एका गृहिणीने पेट्यांतून निघालेल्या चिंध्या (बाजाराच्या भाषेत त्या चिंध्याच!) जपल्या, म्हणून आज आपल्याला त्या बायका काय घालत होत्या ते कळते.

तिथे मला माझी सलवार भेटली. काचेपलीकडून, पण भेटली.

वाचकभगिनींनी डोळ्यांपुढे आपली पंजाबी सलवार आणू नये. ही केवढी तरी घोळदार. मागावरून कापड जेवढ्या पन्ह्याचे उतरले तेवढे सरळ वापरायचे, हा तिच्या बेतण्यातला पहिला नियम. बुर्साच्या जुन्या भरजरी कापडाचा पन्हा साधारण ६५ सेंटिमीटर. असे सरळ पन्हे एकमेकांना जोडून दोन पाय करायचे, मध्ये आसनाला एक तुकडा घालायचा, वर नेफा. गोलाई जवळजवळ नाहीच. आम्ही शिवणाऱ्या बायका कात्री चालवली की उरलेल्या कतरणीकडे पाहून हळहळतो. त्या बेतात कतरण निघतच नाही म्हटले तरी चालेल. एवढ्या मोलाच्या रेशमाला कात्री लावायला त्यांचा जीव होत नसणार. आणि यातच एक मोठी सोय होती. शिवण उसवली की सलवारीचे पुन्हा कापड होई. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिच्याशी काम आहे.

नेफ्यातल्या नाडीला ते 'उचकुर' म्हणतात. आपली नाडी म्हणजे सुतळीची थोरली बहीण. त्यांचा उचकुर म्हणजे चांगला वीतभर रुंद, लांबलचक तलम पट्टा, आणि त्याच्या दोन्ही टोकांना रेशमाचे आणि जरीचे इतके बारीक भरतकाम, की आपल्याकडे तेवढे शालूच्या पदरालाही होत नाही. गाठ मारली की ही दोन टोके पुढे लोंबायची, आणि वरून झगा आला की झाकून जायची. कोणासाठी केले असेल हे? काचेला नाक लावून मी बराच वेळ उभी होते. रखवालदार दोनदा खाकरला.

घालण्याची रीत अशी. आत सलवार. वर 'ब्युरुम्जुक' नावाच्या चुरगळल्यासारख्या दिसणाऱ्या पातळ रेशमाचा सदरा. त्यावर 'एंतारी', म्हणजे पुढून उघडा, बाजूंना चिरा असलेला पायघोळ झगा. कमरेला शेला. चालताना, कामाला लागताना एंतारीची टोके उचलून शेल्यात खोचायची, की खाली घोट्यापर्यंतची सलवार दिसू लागे. म्हणून भरतकामाचा सगळा जीव खाली पायांवर. घराबाहेर पडताना मात्र वरून मोठा अंगरखा यायचा आणि हे सारे वैभव गुडूप. म्हणजे हा थाट घरातल्यांसाठी आणि बायकाबायकांसाठी. इजिप्तही तेव्हा उस्मानी राज्यातच होते. तिथल्या बायकांच्या सलवारीचे एडवर्ड लेन नावाच्या इंग्रजाने १८३६ च्या आपल्या पुस्तकात वर्णन केले आहे. ती पायापेक्षा बरीच लांब असे. खालची टोके वर ओढून गुडघ्याखाली नाडीने बांधायची, की मग घोळ आपोआप जमिनीपर्यंत उतरतो. मी मुंबईला आल्यावर मांजरपाटाची एक करून पाहिली. खरेच उतरतो.

भरतकामाचे दोन प्रकार मला विशेष वाटले. एकात लाकडी चौकटीवर कापड ताणून आकडीच्या सुईने साखळीटाका घालतात. आपल्याकडचे आरीकाम ते हेच, फक्त फुले त्यांची: ट्युलिप, कार्नेशन, गुलाब. पुढे युरोपची हवा लागल्यावर त्या फुलांना रिबिनीच्या गाठी फुटल्या. दुसऱ्या प्रकाराचे नाव ऐकून मला हसू आले: 'दिवाल'. पण भिंतीशी त्याचा संबंध काही दिसला नाही. जाड पुठ्ठ्याची फुलेपाने कापून कापडावर चिकटवायची आणि सोनेरी तार त्यांच्यावरून इकडून तिकडे न्यायची. तार कापडाच्या खाली मुळीच जात नाही. मेण लावलेल्या दोऱ्याने खालून फक्त तिला पकडतात. न दिसणाऱ्या बाजूला सोने का घालवा? हा हिशोब आपल्या जरदोजवाल्यांनाही ठाऊक आहे. अशा कामाने झाडून भरलेला मखमली पोशाख म्हणजे 'बिंदल्ली', हजार फांद्यांचा. तिथल्या नवऱ्या मेंदीच्या रात्री तो अजून हौसेने घालतात. हल्ली भाड्याने मिळतो म्हणे. आपल्याकडे तरी दुसरे काय आहे!

या सलवारीवर परदेशी माणसे मोठी मजेशीर रीतीने भाळली. लेडी मेरी वर्टली माँटेग्यू ही इंग्रज वकिलाची बायको १७१७ साली एदिर्नेला होती. तिने तुर्की पोशाख करवून घेतला आणि बहिणीला पत्र लिहून त्याचे साग्रसंगीत वर्णन कळवले. सलवार फिकट गुलाबी रेशमाची, वर चांदीची फुले. आणि वर बहिणीला टोमणा, की तुमच्या घागऱ्यांपेक्षा हिच्यात पाय अधिक मर्यादशीर झाकले जातात! (हीच ती बाई, जिने देवी टोचून घेण्याची तुर्की रीत पाहिली आणि १७१८ साली आपल्या मुलाला टोचून घेतले. कपडे पाहणारी बाई उथळच असते असे समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.) पुढे १८५१ साली अमेरिकेत काही बायकांनी आखूड घागऱ्याखाली 'तुर्की विजार' घालायला सुरुवात केली. अमिलिया ब्लूमर या बाईने आपल्या मासिकातून तिचा पुरस्कार केला, म्हणून लोकांनी विजारीला तिचेच नाव चिकटवले. रस्त्यात पोरे मागे लागली, वर्तमानपत्रांनी व्यंगचित्रे काढली, आणि काही वर्षांनी बिचाऱ्यांनी तो नाद सोडला. गंमत अशी, की जनानखान्यातली बाई म्हटली की तिकडच्या लोकांच्या डोळ्यांपुढे पिंजरा येई, आणि पायांना मोकळीक हवी झाली तेव्हा त्यांनी त्याच पिंजऱ्यातून विजार उचलली. आमच्या आज्यांनी मात्र नऊवारीचा काष्टा मारून हा प्रश्न केव्हाच सोडवला होता. त्यांच्यावर कोणी व्यंगचित्र काढले नाही.

तिकडे अमेरिकेत सलवार नवी होत होती तेव्हा इस्तंबूलात ती जुनी होऊ लागली होती. सुलतान दुसरा महमूद याने १८२९ साली सरकारी नोकरांना फेटा सोडून फेझ टोपी आणि युरोपी धर्तीचा कोट-पाटलोण लावली. पुरुषांची शालवार दरबारातून गेली. बायकांनी ती आणखी बरीच वर्षे टिकवली. मग शहरातल्या मोठ्या घरांत पॅरिसचे झगे आले. १८७३ साली व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनासाठी उस्मान हमदी बे या चित्रकाराने एका सहकाऱ्याबरोबर साऱ्या साम्राज्यातल्या लोकवेशांचे पुस्तक काढले. पास्काल सेबाहने काढलेली ७४ छायाचित्रे त्यात आहेत. ती पाहताना वाटते, घरातले जुने माणूस फार दिवसांचे सोबती नाही असे कळल्यावर घाईघाईने फोटो काढून घ्यावा, तसे हे आहे.

मग पेटीतल्या सलवारींचे काय झाले? जे आपल्याकडे शालूंचे झाले तेच. उसवून त्यांच्या उशांचे अभ्रे झाले, बोहचे झाले. जरीत चांदी असली, की कापड जाळून ती काढायची हा व्यवहार दोन्हीकडचा. आपल्याकडे तर 'जुनी जर' असे ओरडत माणूस दारावर येई, आणि तराजूत शालू घाली. मला याची माहिती जरा अधिकच आहे. पण ते पुढे.

इस्तंबूलहून जलद बोटीने मार्मारा समुद्र ओलांडला की मुदान्या लागते आणि तिथून जवळच बुर्सा. आमची दुभाषी मुलगी मूळची इथलीच. मागे उलुदाग पर्वत. ऑक्टोबर असल्यामुळे जिकडेतिकडे चेस्टनट भाजत होते. १३२६ साली हे गाव उस्मानी तुर्कांच्या हाती आले आणि त्यांची राजधानी झाले. पण राजधानी गेली तरी गावाचा तोरा गेला नाही, कारण गावात रेशीम होते. इराणातून उंटांवरून कच्चे रेशीम यायचे. पुढे इथेच तुतीची झाडे लावून किडे पाळू लागले.

'कोझा हान' म्हणजे कोशांची सराई. सुलतान दुसरा बायझीद याने १४९१ साली ती बांधली. मधे मोठा चौक, चारही बाजूंना दुमजली ओवऱ्या, आणि चौकाच्या मध्यावर खांबांवर उचललेली एवढीशी मशीद, तिच्याखाली कारंजे. पूर्वी उन्हाळ्यात खेड्यापाड्यांतून कोशांची पोती इथे येत आणि चौक पांढरा होऊन जाई. एकोणिसाव्या शतकात वाफेवर रेशीम काढण्याचे कारखाने निघाले, ते सूत फ्रान्सला जाऊ लागले. मग किड्यांवर रोग आला. आम्ही गेलो तेव्हा झाडांखाली मंडळी चहा पीत होती आणि दुकानांतून रुमाल-स्कार्फ टांगलेले होते. त्यातले बरेच रेशीम बाहेरून येते, हे दुकानदाराने मी न विचारता सांगितले. प्रामाणिक मनुष्य!

त्याच्याशी माझी गट्टी जमली ती शब्दांवरून. तो एकेक कापड दाखवी आणि त्याचे जुने नाव सांगे. 'अतलस', तो म्हणाला. आमच्याकडेही अतलसच, मी म्हटले. 'केमहा' म्हणजे भरजरी रेशीम. अरे, हा तर आपला किनखाप! सोनेरी तार गुंडाळलेल्या दोऱ्याला तो 'क्लाप्तान' म्हणाला. मी म्हटले, कलाबतू! 'शाल' म्हणजे शालच, 'रेंक' म्हणजे रंग. आतड्यांना रेशीम आणि बाण्याला सूत अशा कापडाला त्यांच्यात 'कुत्नू' म्हणतात. पुरुषाच्या अंगाला निव्वळ रेशीम लागू नये या धार्मिक कटाक्षातून अशा मिश्र कापडांना मागणी आली. आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मश्रू विणत ते याच तोडीचे. आमचे हे एका बाजूला बसून चहाचे तीन पेले रिचवून झाले होते. म्हणाले, "झालं का शब्दांचं हळदीकुंकू?"

दुपारी मुरादिये नावाच्या जुन्या भागात गेलो. एका जुन्या मदरशाच्या इमारतीत उस्मानी लोकवेशांचे एक संग्रहालय होते, तेही एका हौशी गृहस्थाने आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंचे. तिथून बाहेर पडल्यावर मुलगी म्हणाली, "तेय्झे, दोन गल्ल्या टाकून माझ्या आजीची मैत्रीण राहते. तिच्याकडे एक शालवार आहे. म्हणजे," ती थोडी अडखळली, "अर्धी आहे."

आजीबाई ऐंशीच्या पुढच्या. डोक्याला रुमाल, त्याला सुईने विणलेली रेशमी फुलांची कड. दारात जोडे काढायचे, आत सपाता घालायच्या; बसल्या बसल्या तळहातांवर अत्तरपाणी ओतले, मग चहा आणि पाकातले चेस्टनट. माझ्या सलवारीकडे त्यांनी नीट निरखून पाहिले, कापड दोन बोटांत धरले आणि मुलीला काहीतरी म्हणाल्या. "शिवण सरळ आहे म्हणतात." मला एवढे प्रशस्तिपत्र आजवर कोणी दिले नव्हते.

मग भिंतीजवळची पेटी उघडली. वरच्या चादरी बाजूला झाल्या आणि तळातून पांढऱ्या कापडात गुंडाळलेली वस्तू निघाली. जांभळट रेशीम, घडीवर विरलेले. खालच्या बाजूला वीतभर उंचीची फुलांची वेल, सोनेरी तारेची, काळवंडलेली. सलवारीचा एक पाय. सबंध, नेफ्यापासून मोहरीपर्यंत, पण एकच.

ती त्यांच्या आजीच्या लग्नातली. आजीला दोन मुली. आई गेल्यावर दोघींना ती हवी होती. भांडण झाले, बोलणे बंद झाले, मग कोणी शहाण्या माणसाने सांगितले, शिवण उसवा आणि एकेक पाय घ्या. सरळ पन्ह्याचे काम. कात्री लावावी लागलीच नाही. एक पाय आजीबाईंच्या आईकडे राहिला, दुसरा मावशीबरोबर इझमीरला गेला. त्याची पुढे उशी झाली म्हणतात. उशी कुठे गेली कोणाला ठाऊक नाही. मावशी वारली, तिची मुले पांगली.

मी ते कापड हातात घेतले आणि सवयीने उलटले. मागची बाजू स्वच्छ, एक दोरा लोंबत नव्हता. आसनाच्या बाजूची उसवलेली कड पाहिली तर ती दुमडून शिवलेली नव्हती. सूत निघू नये म्हणून नुसते तिरपे टाके घातले होते, आणि ते टाके वेगवेगळ्या हातांचे होते. म्हणजे पुन्हा पुन्हा घातलेले. अशा कापडाची कड दुमडून टाकावी, नाहीतर विरत जाते, हे मी वर्गात पहिल्या महिन्यात शिकवत असे. मी मुलीला म्हटले, "त्यांना विचार, कड का दुमडली नाही?"

आजीबाईंनी माझ्याकडे असे पाहिले, की शिवणारी बाई असून हिला एवढे कळू नये!

"दुसरा पाय आला तर जोडायला शिवणीची जागा नको का?"

आता माझे सांगते. माझ्या आईचा शालू होता, बनारसी, अंजिरी रंगाचा, खऱ्या जरीचा. १९७६ साली आई गेली. आम्ही दोघी बहिणी, अक्का नागपूरला. ती म्हणाली, "शालू तुझ्याकडे असू दे, मुंबईत तू आहेस, माझ्या मीनाच्या लग्नात काढू." १९७९ साली माझ्या वर्गाला मुली वाढल्या, एक यंत्र पुरेना. ह्यांच्या पगारात दुसरे बसत नव्हते आणि मागायचे तरी कोणाकडे? एके दुपारी दारावर जरवाला आला. मी शालू काढून दिला. त्याने जिन्यातच तराजू धरला. त्या पैशांत थोडी भर घालून मोटरचे यंत्र आले आणि त्याच यंत्रावर मी पुढची तीस वर्षे काढली. अक्काला कळवले, शालूला कसर लागली, टाकून द्यावा लागला. मीनाच्या लग्नात अक्काने एक शब्द काढला नाही. मीही नाही. ह्यांनासुद्धा मी खरे सांगितले नव्हते.

आजीबाईंच्या त्या खोलीत मला काही बोलता आले नाही. मुलगी भाषांतर करायला थांबली होती. मी तो पाय होता तसा घडीवर घडी घालून दिला. त्यांनी तो पांढऱ्या कापडात बांधला आणि माझ्या हातात पाकातल्या चेस्टनटची पुडी ठेवली.

त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरात होती. अक्का पाडव्याला आमच्याकडे आली. तेव्हा ती सत्तरीला पोचली होती. तिच्यासाठी बुर्साहून आणलेला रेशमी रुमाल तिने मांडीवर पसरला, कड तपासली, आणि विचारले, काय काय पाहिलंस? मी टोपकापी सांगितले, खंजीर सांगितला, कोझा हान सांगितला. मग त्या एका पायाची गोष्ट सांगितली, आणि ती सांगता सांगता शालूचे सांगून टाकले. जिना, तराजू, यंत्र, सगळे. हे दारातच उभे होते. त्यांनीही ते तेव्हाच ऐकले.

अक्का रुमालाची घडी घालत राहिली. चौकोनी, मग पुन्हा चौकोनी.

"किती आले?" तिने विचारले.

"तीनशे चाळीस."

"तीनशे चाळीस!" अक्का म्हणाली. "अगं, त्याच्या नुसत्या पदरात तेवढी चांदी होती. फसवलंन् मेल्यानं तुला."